भिंतीकडे तोंड

"बाबा, एकदा येऊन माझा नाच बघा," असं मुलीने लिहिलं होतं. त्या पत्राला म्हाताऱ्याने तीन वर्षं उत्तर दिलं नव्हतं. आज ते कसंबसं लिहून तो तिकिटासाठी पोस्टाच्या रांगेत उभा होता. पुढे नाच शिकवणारी एक बाई आणि तिची थोरली बहीण बोलत होत्या.

"वर्ग बंद केलास म्हणे?"

"गुडघा गेला, ताई. मुलीही तीनच उरल्या. आधीच उल्हास, त्यात फाल्गुन मास!"

"मग बसून शिकव की."

"बसून पोहायला शिकवशील का तू?"

"बरं बाई. शेवटच्या दिवशी काय केलंत?"

"म्हटलं, वडील घरी कसे असतात ते न बोलता अंगाने दाखवा. एकीने दार आपटलं, एक नुसती खोकत फिरली. तिसरी भिंतीकडे तोंड करून पुस्तक धरून बसली. वर्ग संपेपर्यंत हलली नाही."

"अगदी आपले बाबा की गं!"

"मीही शिकताना तेच करून दाखवलं होतं."

"सोड आता. गेले ते."

"गेले म्हणूनच सुटत नाही, ताई."

म्हाताऱ्याने पाकिटातून कागद काढला. "येणं जमेलसं वाटत नाही" हे खोडून त्याने "येतो" असं लिहिलं. पाकिटावरचा पत्ता तीन वर्षांपूर्वीचाच होता. तिकीट चिकटवून त्याने ते पेटीत टाकलं.