बायजाबाईचा प्रश्न

चौपन्न साली ठाण्याच्या वेड्यांच्या इस्पितळात माझ्या शेजारच्या बाकावर एम. ए.ची एक विद्यार्थिनी बाळकुमच्या बायजाबाईला प्रश्न विचारत होती.

"मावशी, मुलाच्या मनात जीव द्यायचा विचार आहे, हे कसं ओळखलंत?"

"पोलिसांना सांगशील? ते गुन्हा धरत्यात."

"नाही हो. कॉलेजच्या अभ्यासाला हवंय. नावसुद्धा लिहिणार नाही."

"मिठागरातलं आपलं फावडं त्यानं भावाला देऊन टाकलं. मंग मी सरळ इचारलं, मरायचं हाय का रं तुला?"

"असं विचारू नये, आमचे सर म्हणतात. नसलेला विचारही डोक्यात येतो."

"नाय आला. रडला, आन माझ्यासंगं इथवर चालत आला. वही का मिटलीस, पोरी?"

"डोंबिवलीला माझा भाऊ महिनाभर गप्प बसून आहे. मी त्याला काहीच विचारलेलं नाही."

"मंग इथं का बसलीस?"