कट्टर दाजी

कट्टर माणसाला घेऊन स्थळ बघायला कधी जाऊ नका, हात जोडून सांगतो. भाचीसाठी केंदूरचं स्थळ आलं होतं. पोरगा चांगला, माणसं चांगली. वरवंडहून गाडी करून आम्ही घर बघायला गेलो. पोहे समोर आले आन् आमच्या दाजींनी, म्हंजी पोरीच्या बापानंच, बशी बाजूला सारली. का, तर भिंतीवर विरोधी गटाच्या नेत्याचा फोटो!

"दाजी, पोरीचा तरी विचार करा," मी कानात म्हणालो.

"मी साहेबांचा कट्टर माणूस हाय. ह्या घरात पाणीसुद्धा न्हाई घेणार."

पोराच्या बापानं ते ऐकलं. "पाव्हणं, तुमचे साहेब गेल्याच आठवड्यात आमच्यात जेवून गेले. तुम्ही बसलाय त्याच खुर्चीत."

मला वाटलं, आता तरी घास घेतील. दाजी उठले आन् थेट गाडीत जाऊन बसले.

वाटेत मी भडकलोच. "अहो, खुद्द साहेब जेवले की तिथं!"

दाजींनी मलाच येड्यात काढलं. "साहेबांना कट्टर राहून कसं चालंल? त्यांना समद्यांच्यात जावं लागतं. कट्टर आपण राहायचं."