दुःखाच्या घरातली रेकॉर्ड

दुःखाच्या घरात रेकॉर्ड वाजवायची नाही. का, ते विचारायचं नाही. झालं, हा आमच्या दुकानाचा पहिला नियम, आणि तुम्हाला सांगते, दुसरा नियमच नाही. दुकानात उंदीर फिरला, पंखा पडला, गिऱ्हाईक तासभर फोटो काढून हात हलवत गेलं, आमच्या क्लेमेंट काकांना कशाचं काही नाही. पण जुन्या रेकॉर्डी विकत घ्यायला कुणाच्या घरी गेलो आणि त्या घरातलं माणूस जाऊन वर्ष झालेलं नसलं, की बघायचं, मोजायचं, उचलायचं. वाजवायचं नाही. मी एकदा विचारलं, का? तर काका म्हणाले, "चर्चमध्ये वर्षाची मिस्सा होईपर्यंत घरात गाणं नाही, एवढंही तुला घरच्यांनी शिकवलं नाही?" घरचे म्हणजे कोण, तर त्यांचाच सख्खा भाऊ, माझे पप्पा... आता यावर मी काय बोलू?

बरं, मला एक सांगा, जुन्या रेकॉर्डी विकतं कोण? ज्याला ऐकायच्या आहेत तो विकतो का? माणूस जातो, मग खोके माळ्यावरून खाली येतात. म्हणजे आमचा सगळा धंदाच दुःखाच्या घरातला, आणि नेमकं तिथंच ऐकून बघायचं नाही. अहो, कलिंगडसुद्धा आपण टिचकी मारून घेतो. मी फिजिक्स घेऊन बी.एस्सी. केलंय, मला ठाऊक आहे की रेकॉर्ड उजेडात तिरकी धरली की ओरखडा दिसतो, वाकलेली कडा दिसते, बुरशी दिसते. आवाज दिसत नाही. आवाज ऐकावाच लागतो. हे काकांना तीन वर्षं सांगतेय. तीन वर्षं काका खुर्चीत बसून एकच उत्तर देतायत, विचारायचं नाही.

गेल्या वर्षी निर्मळ गावाहून अशाच न ऐकता दीडशे आणल्या. विहिरीशेजारच्या खोलीत ठेवलेल्या, वरून चकचकीत. दुकानात लावल्या तर गाणं कुठंच नाही, नुसती फोडणीत मोहरी तडतडतेय. एव्हरशाईनच्या टॉवरमधला एक मुलगा हेडफोन लावून गंभीरपणे ऐकत होता, मला म्हणाला, "दीदी, ये रेन साउंड है क्या?" त्या दिवशी मी ठरवलं. बॅटरीवर चालणारा छोटा प्लेअर घेतला आणि पिशवीत टाकला. काकांना सांगितलं नाही. का, ते त्यांनीही विचारायचं नाही.

मग नंदाखाल गावातून फोन आला. बॅप्टिस्ट सर गेले होते, चार महिने झाले होते. चाळीस वर्षं शाळेत गणित शिकवलं आणि दर पगाराला एक रेकॉर्ड घेतली, असा माणूस. त्यांच्या रेकॉर्डींची मी कॉलेजपासून वाट... नाही, वाट बघत होते असं कसं म्हणू, माणूस जायची वाट कोण बघतं? पण तुम्हाला खरं सांगते, आमच्या धंद्यात बघतात. मनातल्या मनात बघतात आणि रविवारी चर्चमध्ये त्याच माणसाला वाकून गुड मॉर्निंग म्हणतात. मीही म्हणायचे. आमचं दुकान बंद पडायला आलेलं, चांगलं असं काही शेल्फवर उरलेलं नाही, आणि तिकडे सरांच्या चारशे रेकॉर्डी. त्या आल्या तर दुकान टिकणार होतं, नाही तर काका शटर ओढणार होते, माझ्यासाठी बँकेतल्या नोकरीचे फॉर्म त्यांनी आणूनच ठेवले होते.

टेम्पो केला, काका आणि मी गेलो. ओट्यावर सरांचे धाकटे भाऊ, फेबियन अंकल, यादी घेऊन बसलेले. घर पाडायचं ठरलंय, मटिल्डा आंटी, म्हणजे सरांच्या मिसेस, मुलीकडे एव्हरशाईनला राहायला जाणार, हे सगळं आम्हाला अंकलनी सांगितलं. आंटी तिथंच दाराशी उभ्या होत्या, पण बोलले अंकल. "वहिनीला विचारून झालंय," म्हणे. "वहिनी काय म्हणाली?" मी विचारलं. "वहिनी काय म्हणणार?" बघा, याला म्हणतात विचारणं.

आंटींनी चहा आणला, बशीत सुकेळी, आमच्याकडची वाळवलेली केळी, आणली. काका आणि अंकल चहा पितायत, पाडकाम कुणाच्या हातात, मेच्या आत घर मोकळं झालं पाहिजे, नवीन फादर प्रवचन फार लांबवतात... आणि मी आत जमिनीवर मांडी घालून एकेक रेकॉर्ड उजेडात धरतेय. आणि काय सांगू तुम्हाला, काय ठेवल्यात त्या माणसाने. एकेक धुतलेली, पुसलेली, प्लॅस्टिकमध्ये घातलेली, कपाटात डांबरगोळ्या नाहीत, कडुलिंबाचा पाला. मी मनात दुकानाची शेल्फं भरून टाकली. दारावरची पाटीसुद्धा रंगवून घेतली.

तेवढ्यात आंटी शेजारी येऊन बसल्या. गुडघा धरून हळूच. म्हणाल्या, "बाय, ती निळ्या कव्हरची बघ. ती चालते का?"

बघितली. लग्नात नवरानवरी पहिला नाच करतात तसला वॉल्ट्झ. आडवा ओरखडा, इथून इथपर्यंत. आमच्याकडे अशी रेकॉर्ड आली की सरळ घड्याळं बनवणाऱ्याला देतात, तो मधे काटे बसवून विकतो. मी म्हटलं, "आंटी, ही अडकत असेल."

"अडकते. आमच्या लग्नाची आहे. दर वर्षी लावायचे. यंदा..." एवढंच म्हणाल्या आणि पदराने कव्हर पुसायला लागल्या. कव्हर स्वच्छच होतं.

आता मला सांगा, पिशवीत प्लेअर आहे, समोर रेकॉर्ड आहे, आणि दोन तासांनी ती टेम्पोत जाणार आहे. तुम्ही काय केलं असतं? मी प्लेअर काढला, शेजारच्या बुटक्या टेबलावर मांडला, सुई ठेवली.

पहिला सूर लागला मात्र, ओट्यावरून दोघं आत. फेबियन अंकल म्हणाले, "अगं ए, काय चाललंय? चार महिने झालेत फक्त. शेजारी ऐकतायत." काका तर त्यांच्याही वर, "जोआना, बंद कर. एक नियम आहे ना आपला?" "का आहे?" "विचारायचं नाही तुला सांगितलंय." "सर गेल्यावर यांनी रडायचं कुठल्या तारखेपर्यंत, त्याचीही यादी आहे का अंकलकडे?" "मोठ्यांशी बोलायची ही रीत?" "मग मोठ्यांनी एकदा तरी उत्तर द्यायची रीत पाडावी." हे सगळं चालू आणि वॉल्ट्झही चालू, तीन ठोके, तीन ठोके, आणि आंटी कुणाकडेच बघत नाहीत. त्या भिंतीजवळच्या रिकाम्या खुर्चीकडे बघतायत. मधेच म्हणाल्या, "आता अडकेल."

आणि अडकली. तोच तुकडा, परत तोच, परत तोच. आंटी उठल्या नाहीत, नुसत्या पुढे वाकल्या, टेबलावर ठेवलेल्या प्लेअरच्या शेजारी बोटाने टिचकी मारली. टक. सुई पुढे गेली. म्हणाल्या, "खुर्चीतूनच मारायचे. एकावन्न वर्षं. मी म्हणायची उठा, नवीन आणा. ते म्हणायचे, नवीन अडकणार नाही, मग मी करू काय?"

गाणं संपलं. फेबियन अंकलनी चष्मा काढला, परत लावला. काकांनी घसा खाकरला, म्हणाले, "असो. झालं ना मनासारखं? चल, उचल आता. टेम्पोवाला खोळंबलाय."

मी खोक्याकडे बघितलं. चारशे. उजेडात धरून बघितलेल्या, माझ्या शेल्फवर मनात लावून झालेल्या. आणि म्हटलं, "मी नाही उचलणार."

"म्हणजे?"

"यांना कुणी विचारलेलं नाही. फ्लॅटमध्ये कपाट बसतं. प्लेअर मी इथंच ठेवून जाते. आंटींनी स्वतः फोन केला तर येईन, नाही तर नाही."

काका माझ्याकडे बघत राहिले. फेबियन अंकल यादीकडे बघत राहिले. दोघांपैकी एकाने तरी ओरडावं म्हणून मी थांबले, खरंच थांबले, उत्तरं तयार होती माझ्याकडे. कुणी काही बोललं नाही. आंटींनी निळी रेकॉर्ड कव्हरात घातली आणि मला सुकेळीची पुडी बांधून दिली.

परतीच्या वाटेवर काका टेम्पोत पुढे, मी मागे, रिकाम्या हौद्यात. नियम का होता ते मला आता कळलं होतं. वाजवली की उचलवत नाही. एवढं एक वाक्य काकांनी तीन वर्षांपूर्वी सांगितलं असतं तर... पण बहुतेक त्यांनीही कधी कुणाला विचारलेलं नसणार.

तेव्हा, तुम्हाला सांगते, आयुष्यात एकदाच दोन म्हातारी माणसं माझ्यापुढे गप्प झाली, आणि त्या दिवशी दुकानात काय आणलं, तर पावशेर सुकेळी.