चौथी डोई

चार लिवा, बाई. न्हाय, चुकले न्हाय मी, कान बी शाबूत हायेत. या घरात डोकी किती, असंच इचारलं न्हवं तुमी? मंग चार. दोन वर्सामागं तुमच्या पुण्याच्या संस्थेतनं ते चष्म्यावालं सर आलते — ह्याच सतरंजीवर बसून घरातली समदी कमाई इचारली त्यांनी आन चारानं भागली. आता तुमी आलात, तवाचं आन आत्ताचं शेजारी ठिवून बघायला — कळस गाव म्होरं सरकलं का मागं, त्ये वरच्यांना कळाय पायजे म्हणून. व्हय, समजतंय मला. दरडोई उत्पन्न. अशा बघू नका. शाळेची पायरी चढले न्हाय मी, पण कारखान्याला जाणाऱ्या उसाच्या ट्रॉल्यांवरची नावं बघत बघत अक्षरं जुळवली — एकटीनं, बांधावर उभी ऱ्हाऊन. आज पेपर आला की आधी ह्या अक्काबाईच्या, म्हंजी माज्या हातात, मंग धोंडीबाच्या. धोंडीबा म्हंजी माजा ल्योक, बारामतीला कंपनीत हाय, त्ये लिवलं न्हवं? आन आत चुलीम्होरं बसलीया ती करुणा, माजी सून. मी धरून तिघं झालो.

आन दिशा. धोंडीबाची पोर. अकरावीला अर्थशास्त्र घेतलं व्हतं तिनं. सायन्स घे म्हणून समद्यांनी डोकं खाल्लं, पण ऐकती कुणाचं — माजीच नात. तिनंच शिकीवलं मला हे समदं. एकदा पेपरात आलं की जपानातल्या एका माणसाचं उत्पन्न आपल्या शंभर माणसांएवढं. मी म्हणलं, दिशे, शंभर जणांच्या भाकरी एकटाच खातो का गं त्यो? पोर हसली — लई हसायची — म्हणली, आजे, त्यो आकडा डॉलरच्या भावानं काढलाय. तितं एक कप चहाला जेवढं मोडतं, तेवढ्यात हितं घरादाराचं जेवान हुतं. म्हणून पैसा मोजायचा न्हाय, पैशात काय येतं त्ये मोजायचं. तसं मोजलं तर शंभर न्हाय, दहा-पंधरा भरत्याल. म्हणलं, दहा-पंधरा काय थोडी झाली का? तर म्हणली, थोडी न्हाईतच, म्हणून तर शिकतीया.

आन जुन्याचं नव्याशी कसं लावायचं, सांगा बरं? सांगा की, तुमी शिकलेल्या. बरं, मीच सांगते. बहात्तरच्या दुष्काळात मी भिगवणच्या रस्त्याला खडी फोडली, तीन रुपय रोज. आता पंच्याण्णव साल, बाई खुरपायला जाती, तीस घेती. मी म्हणायची, धा पट झालं की गं. दिशा म्हणली, आजे, ज्वारीत सांग. तवाच्या रोजात ज्वारी किती यायची? दोन किलो. आन आता? पाच. मंग धा पट कुठं, अडीचपट. दोन दिस मी तिच्याशी बोलले न्हाय — माज्या फोडलेल्या खडीचा हिशोब ही कालची पोर करणार? पण खरं व्हतं. आजून बी कुणी भाव सांगितला की मी मनात ज्वारी करून बघते.

तिचं बोलणं कसं, ऐक. म्हणायची, आजे, आपल्या घरात मी नुसती भागायला हाय, बेरजेत न्हाय. नोकरी लागली की बेरजेत येते, मंग बघ आपली दरडोई. मी इचारलं व्हतं एकदा — जपानात लढाईत एवढी माणसं गेली, मंग उरलेल्यांची दरडोई वाढली आसंल? पोरीनं हातातला पेपर खाली ठिवला. मंग म्हणली, तवा कारखानंच जळालं व्हतं, बेरीजच खाली आली. पण सवाल खरा हाय तुजा, डोकी कमी झाली की आकडा वाढतोय. तसं वाढल्यालं वाढल्यात धरायचं न्हाय, आजे.

कावीळ झाली तिला. गेल्या पावसाळ्यात. पंधरवड्यात संपलं समदं. डोळं हळदीवानी झालं व्हतं, तरी उशाला पेपर.

धोंडीबाचा पगार तेवढाच हाय, पोरी. ज्वारीत बी तेवढाच. काय वाढलं न्हाय या घरात, काय बी न्हाय. मंग तूच सांग, तीन लिवल्यावर तुज्या कागदावर काय वाढंल?

ही बघ, करुणा ताट घेऊन आली. नगं म्हणू नगंस, पिंपळी गावास्नं उन्हातनं आलीयास. तुज्यासाठी मुद्दाम न्हाय केली भाकरी. ती रोजच चार थापती. रोज. धोंडीबाची झाकून ठिवती, आमच्या दोन, आन एक उरती. ती सांजच्याला शेरडाला घालती. आज तू खातीयास. खा. गेली का ती आत? मंग ऐक — तुमच्यातला कायदा मला ठावं हाय, त्या सरांनी सांगितला व्हता. एका चुलीवर जेवंल त्ये त्या घरातलं एक डोकं. आज या चुलीवर चार भाकरी झाल्या आन चारी खपत्याल. मंग चार लिही. खोटं कुठं हाय त्यात?

काय? सा म्हैने ऱ्हायलं पायजे? एक दिसाचं जेवान धरत न्हाय. आसं हाय व्हय.

बरं. तीन लिवा. लिवा, माज्याकडं बघू नका. करा भागाकार. जे येतंय त्ये मनात ठिवा, मोठ्यानं वाचू नका — करुणा आत हाय, तिला ऐकू येतं, आन वाढलं म्हंजी काय ह्ये तिला बी कळतं आता, दिशानं तिला बी शिकीवलं व्हतं. जय भीम. भाकरी संपवा आन निघा, इंदापूरची एसटी येईल आता. ताट ऱ्हाऊ द्या तितंच.