टाळी वाजली की थांबायचं

धारूरच्या गिरणीत दळणाच्या डब्यांची रांग लागली होती. अंजली दाराशी आपल्या नंबराची वाट पाहत होती, तेवढ्यात मनकर्णाबाईंच्या तिशीतल्या मुलाने, नवनाथने, ओरडत एका डब्याला लाथ मारली. ज्वारी सांडली.

"मावशी, उद्यापासनं ह्याला आणू नका," गिरणीवाला सर्जेराव ओरडला.

"मग ठेवू कुणापाशी, दादा? लेकराची समज हाय त्याची, बोलता येत न्हाई. जरा दम धरा. नवनाथ, कावून मारलीस? दाखव मला."

नवनाथने तो डबा उचलून रांगेच्या शेवटी नेऊन ठेवला.

"अगं बाई! मंगलकाकू, हा तुमचा ना? तुमी तर आत्ताच आलाव, मग डबा म्होरं कसा?" अंजली म्हणाली.

"लई घाई हाय गं मला. भाकरी टाकायच्यात."

"आमी काय इथं झोपाय आलो का?"

गिरणीत हशा पिकला. मंगलकाकूही पदराआड हसल्या.

"पण लाथ न्हाई मारायची हां, नवनाथ. टाळी वाजवायची. अशी," मनकर्णाबाई म्हणाल्या.

सर्जेरावने हसत पुढचा डबा उचलला.

नवनाथची टाळी वाजली.

सर्जेरावने हातातल्या डब्याकडे पाहिलं, तो मुकाट्याने खाली ठेवला आणि ज्याचा नंबर होता तो शेजारचा उचलला.

"मावशी, उद्या ह्याला जरा लवकरच आणा."