शुक्रवारचं चिंतन सोमवारी

चिंतन वहीचं नाव नका काढू बाप्पा माह्यासमोर, डोकं फिरते! शिकवून झालं की भरायचे चार रकाने: काय शिकवलं, काय जमलं नाही, कसं वाटलं, पुढच्या वेळी काय बदलीन. ठीक हाय. पन सोमवारी सकाळीच आमचे हेडमास्तर म्हनतात, "मॅडम, दुपारी साहेब सहीले येऊन राह्यले. हप्त्याभराचं आजच भरून टाका."

"सर, शिकवल्याबिगर चिंतन कशाचं करू?"

"अंदाजानं करा ना!"

केलं. शुक्रवारसाठी लिहिलं: भागाकार शिकवला, बाकी कोनालेच समजली नाही, फार वाईट वाटलं, पुढच्या वेळी चिंचोके वापरीन. साहेबायनं खाली 'उत्तम' लिहून सही ठोकली.

शुक्रवारी म्हनलं, चिंचोके लागनारच हायेत तर आजच नेऊ. नेले, अन् अख्ख्या चौथीले एका तासात बाकी समजली! मी खुशीत हेडमास्तरले सांगाले गेली.

त्यायनं वही उघडली अन् कपायाले हात लावला. "मॅडम, साहेबाची सही हाय याच्यावर. चिंचोके पुढच्या वेळी होते ना? मंग आजच काऊन आनले?"