शहामृगाने नेलेला चष्मा

आई : पुन्हा ‘तुम्ही’? वर्ष होत आलं आपल्याला एका घरात राहायला लागून.

मुलगी : बाबा होता तेव्हा त्याला ‘तू’ म्हणायचे. हे काका आहेत. काकांना ‘तुम्ही’ म्हणायचं, तूच शिकवलंस.

काका : बरोबर आहे तिचं. कशाला मागे लागतेस?

आई : तुम्हाला वाईट वाटतं, दिसतं मला.

काका : वाटतं ना. पण मागून घेतलेल्या ‘तू’चं काय करू? थांब, चष्मा लावतो. गाडीतून प्राणी बघायच्या या रस्त्याचे नियम तरी वाचू.

आई : फाटकातून आत आल्यावर? तहान लागल्यावर विहीर खणा!

काका : ‘शहामृगांच्या भागात काचा बंद ठेवाव्यात.’

मुलगी : माझी उघडीच आहे! इकडचं बटण चालत नाही, तुमच्याकडून करा.

काका : करतो. अक्कल गुडघ्यात असते म्हणतात, तर त्या समोरच्याचे गुडघे बघ केवढे!

आई : अहो, तो इकडेच येतोय!

मुलगी : आई गं! आत आला! अरे, काच वर कर ना! बघत काय बसलायस?

काका : कशी करू? मान आत आहे त्याची, अडकेल!

मुलगी : मग ढकल त्याला!

काका : ढकलतोय... ए, ए! चष्मा!

आई : गेला. चोचीत धरून पळाला.

मुलगी : आता कर काच वर! अरे देवा, काय तोंड झालंय तुझं!

आई : अगं, तू आत्ता यांना काय म्हणालीस?

(मुलगी हसायची थांबते.)

मुलगी : घाबरून निघालं तोंडातून. ...आता गाडी कशी चालवायची? चष्मा नाही.

काका : शेजारी बसून कुणी सांगत गेलं, तर जमेल.

मुलगी : बरं. सरळ. अजून सरळ. हळू. आता डावीकडे घ्या... घे. डावीकडे घे.

आई : अहो, पण तो चष्मा तर नुसता वाचाय—

काका : मागे बसलेल्यांनी बोलू नये. घोटाळा होतो.

मुलगी : हो ना. आई, गप्प बस जरा. ए, थांब थांब! झेब्रा आडवा आलाय, पिल्लू पण आहे.

काका : थांबलो. तू म्हणशील तेव्हा निघू.